आधी मोरी, मग डांबर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



हा माणूस जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात नोकरीला होता, असं गावाकडे कुणाला कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, आमचा रस्ता मंजूर झालाय म्हणतात, मग होत का नाही?" या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. कारण त्यातला 'मंजूर' हा शब्द पाच माणसं पाच अर्थांनी वापरत असतात. आमदारांनी पत्र दिलं की कार्यकर्ता म्हणतो, मंजूर. काम जिल्ह्याच्या यादीत आलं की सरपंच म्हणतात, मंजूर. प्रशासकीय मान्यतेचा कागद निघाला की पेपरात बातमी येते, मंजूर. अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता मिळाली की आमचा अभियंता म्हणतो, मंजूर. आणि कार्यारंभ आदेश हातात पडला की ठेकेदार म्हणतो, आता खरं मंजूर! यातल्या पहिल्या आणि शेवटच्या मंजुरीत कधी दोन वर्षं जातात, कधी पाच.

या मधल्या काळात गाव काय करतं? निवेदनं देतं. रास्ता रोको करतं. निवडणुकीवर बहिष्काराचा फलक लावतं. मी या मार्गांची टिंगल करत नाही. कित्येक फायली अशा फलकामुळेच हललेल्या मी पाहिल्या आहेत. पण फाईल हलली म्हणजे त्या फायलीत गावाला हवं ते लिहिलेलं असेलच असं नाही. नोकरीतल्या अनुभवावरून माझं मत असं झालं आहे, की गावाचा हात खऱ्या अर्थानं पोचतो तो अंदाजपत्रक तयार होण्याच्या आधी. एकदा कामाचं नाव छापलं गेलं की मग मंत्र्यापासून शिपायापर्यंत सगळे त्या नावाला बांधलेले असतात.

हे नाव म्हणजे काय, ते सांगतो. पण त्याआधी रस्त्याची कुळी पाहावी लागेल.

आपल्याकडे रस्त्यांचे पाच वर्ग आहेत. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. १९४३ साली नागपूरला देशभरातल्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली होती, तिथून ही वर्गवारी आली. पुढे महाराष्ट्रानं १९६१ ते ८१, १९८१ ते २००१ आणि २००१ ते २०२१ अशा वीस-वीस वर्षांच्या रस्ते विकास योजना केल्या. कुठल्या गावाला कुठला रस्ता, त्याचा वर्ग कोणता, क्रमांक किती, लांबी किती, हे त्यांत लिहिलेलं असतं. शेवटचे दोन वर्ग, म्हणजे इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग, साधारणपणे जिल्हा परिषदेकडे. आपल्या वाडीचा रस्ता बहुधा यातलाच.

किंवा यातलाही नसतो. वर्षानुवर्षं बैलगाड्या जातात, शाळेची मुलं जातात, गाव त्याला रस्ताच म्हणतं. पण योजनेच्या तक्त्यात त्याचं नाव नाही. अशा रस्त्याला आमच्या भाषेत 'योजनाबाह्य' म्हणतात. त्यावर पैसा खर्च करायचा म्हटलं की लेखा विभाग पहिली शंका तिथेच काढतो. म्हणून कुठल्याही निवेदनाच्या आधी एक साधं काम करावं. जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात जाऊन आपल्या रस्त्याचा क्रमांक विचारावा आणि नोंदलेली लांबी लिहून घ्यावी. क्रमांक नसेल तर ग्रामसभेच्या ठरावापासून सुरुवात करून, पंचायत समिती, जिल्हा परिषद असं करत तो योजनेत घालून घेण्याची मागणी आधी करायची. याला वेळ लागतो. आणि यात फोटो काढण्यासारखं काही नसल्यामुळे पुढाऱ्यांना त्यात रसही कमी असतो. लांबीचंही पाहावं. नोंदलेला रस्ता पुष्कळदा गावठाणापाशी संपतो आणि पलीकडची वाडी कागदावर बिनरस्त्याची राहते.

आता पैसा. बांधकाम उपविभागाच्या ओट्यावर बसलात तर 'तीस चोपन्न', 'पन्नास चोपन्न', 'पंचवीस पंधरा' असे आकडे कानावर पडतील. ही लेखाशीर्षं, म्हणजे सरकारी खर्चाची खाती आहेत. ३०५४ मधून रस्त्यांची दुरुस्ती, ५०५४ मधून भांडवली काम म्हणजे नवं बांधकाम किंवा सुधारणा, आणि २५१५ मधून लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातली कामं. यांतला जिल्ह्याचा पैसा जिल्हा वार्षिक योजनेतून येतो. ती ठरवते जिल्हा नियोजन समिती. १९९८ च्या राज्याच्या कायद्यानं ती आली. पालकमंत्री तिचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव. त्याशिवाय डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आहे, आणि २०१५ मध्ये राज्यानं स्वतःची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आणली. या दोन योजनांत एक गोष्ट फार चांगली होती. रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारावरच पुढची पाच वर्षं देखभालीची जबाबदारी. तीस चोपन्नच्या किरकोळ कामात हे भाग्य रस्त्याच्या वाट्याला येत नाही.

प्रधानमंत्री योजनेला लोकवस्तीची अट होती. सपाटीवर पाचशे आणि डोंगरी-आदिवासी भागात अडीचशे, तीही २००१ च्या जनगणनेनुसार. २०२४ साली मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात २०११ ची जनगणना धरली. म्हणजे सव्वादोनशे माणसांच्या वाडीला राज्याच्या आणि जिल्ह्याच्या पैशाकडेच पाहावं लागतं. आजचं माझं बोलणं मुख्यतः अशा वाड्यांविषयी आहे.

जिल्ह्याच्या पैशाचं एक गणित सांगतो. ते गावापर्यंत कुणी पोचवत नाही. समजा, ग्रामीण रस्त्यांसाठी जिल्ह्याला यंदा दहा कोटी मिळणार आहेत. मागच्या वर्षी सुरू झालेल्या आणि अपुऱ्या राहिलेल्या कामांचं चार कोटींचं देणं बाकी आहे. याला 'दायित्व' म्हणतात. ते वजा जाता उरले सहा कोटी. या उरलेल्या रकमेच्या दीडपट, म्हणजे नऊ कोटींची नवी कामं घेण्याची पद्धत आहे. सगळी कामं एकाच वर्षात पुरी होत नाहीत, काही रखडतात, म्हणून ही सोय. पण हातात सहा आणि मान्यता नऊची, म्हटल्यावर तीन कोटींची कामं पुढच्या वर्षाच्या दायित्वात जाणार हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं. तेव्हा 'मंजूर आहे, निधी नाही' हे वाक्य ऐकलंत तर साहेब खोटं बोलतात असं लगेच समजू नका. आपलं काम दायित्वात आहे का आणि कोणत्या वर्षाच्या, एवढं नेमकं विचारा. उत्तर देणाऱ्यालाही मग नेमकं बोलावं लागतं.

आता त्या नावाकडे येऊ. यादीत काम असं छापलेलं असतं: 'अमुक फाटा ते अमुक वाडी रस्ता, ग्रामीण मार्ग क्रमांक इतका, किलोमीटर ०/०० ते १/५०० मध्ये खडीकरण व डांबरीकरण करणे.' मधल्या आकड्यांना साखळी म्हणतात. शून्य कुठे, तर मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर. तिथून वाडीकडे मोजत जायचं. त्या दोन आकड्यांच्या बाहेर एक पाटी खडी टाकायचा अधिकार कुणाला नाही.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरची एक वाडी माझ्याकडे होती. नाव सांगत नाही. चाळीस-पंचेचाळीस घरं. फाट्यापासून दोन किलोमीटर आठशे मीटर. मातीकाम फार पूर्वी रोजगार हमीतून झालेलं. दोन किलोमीटर तीनशे मीटरवर, म्हणजे वाडी अर्ध्या किलोमीटरवर दिसत असताना, एक ओढा आडवा येतो. उन्हाळ्यात त्यात पाय भिजत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून मात्र त्याच्याजवळ उभं राहिलं तर शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. वाडीतल्या गरोदर बायकांना पाऊस लागायच्या आधी खाली नातेवाइकांकडे नेऊन ठेवायचे. ज्यांचे नातेवाईक नव्हते, त्या वाडीतच राहायच्या. आजारी माणसाला झोळीत घालून, पाणी उतरायची वाट पाहत ओढ्याकाठी बसलेली माणसं मी पाहिली आहेत. २०१४ नंतर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली, ती फाट्यावर यायची.

या रस्त्याला पैसा मिळाला नाही असं मुळीच नाही. पहिल्यांदा ०/०० ते १/०० डांबर झालं. तीन-चार वर्षांनी तेच किलोमीटर उखडलं म्हणून पुन्हा ०/०० ते १/०० दुरुस्ती झाली. मग १/०० ते १/५०० झालं. तीन वेळा नारळ फुटले, तीन पाट्या लागल्या. दहा वर्षांत सरकारचा पैसा दीड किलोमीटर चालत आला आणि ओढ्याच्या आठशे मीटर अलीकडे थांबला.

असं का होतं, याची कारणं कुणाच्या दुष्टपणात शोधायची गरज नाही. एक तर लोकप्रतिनिधीला दहा-पंधरा लाखांची कामं वीस गावांना वाटायची असतात. एका गावाला एकरकमी पैसा दिला तर एकोणीस गावं नाराज. दहा-पंधरा लाखांत थोडं डांबर होतं, ओढ्यावरची मोठी मोरी होत नाही. दुसरं, डांबराचं अंदाजपत्रक सोपं असतं. लांबी गुणिले रुंदी, की झालं. मोरीला ओढ्याचं पाणलोट क्षेत्र काढा, पुराची पातळी ठरवा, पाया किती खोल जाईल ते पाहा, नकाशा काढा. सहा मीटरपर्यंतचं बांधकाम असेल तर मोरी, त्याहून लांब झालं तर ते लहान पुलात जातं आणि मग वरच्या साहेबांकडे जावं लागतं. तिसरं कारण सगळ्यांत साधं. उद्घाटनाला गाडी फाट्यापर्यंतच येते. काम फाट्यापाशी असलेलं बरं!

त्या वाडीची ग्रामसभा मला आठवते. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी नेहमीचा ठराव लिहून आणला होता: 'सदर रस्त्याचे डांबरीकरण व्हावे.' जिल्ह्याकडून १/५०० ते २/०० असा अर्धा किलोमीटर मिळण्याची शक्यता होती. मी एवढंच म्हणालो, की पैसा ठरवण्याआधी मला सांगा, तुम्हाला या रस्त्यात सगळ्यांत आधी काय हवं आहे. यावर बराच वाद झाला. तरुण मंडळींचं म्हणणं, येतंय ते घेऊ, निधी परत गेला तर पुन्हा मिळणार नाही. यात तथ्य होतं. मार्चअखेर पैसा परत जाण्याची भीती मी त्यांच्यापेक्षा जास्त पाहिलेली होती. सरपंचांची अडचण निराळी. त्यांनी आधीच आमदारांच्या माणसाला 'डांबर' म्हणून शब्द दिलेला. मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "उन्हाळ्यात कोन अडलंय? पावसाळ्याचं बगा की." मग एका मास्तरांनी हिशेब मांडला. अर्धा किलोमीटर डांबर झालं तरी गाडी ओढ्याच्या अलीकडेच थांबणार. मोरी झाली तर मुरुमावरून का होईना, गाडी दारात येईल.

ठराव बदलला. 'किलोमीटर २/३०० येथे मोरीचे बांधकाम करणे, यास प्रथम प्राधान्य. त्यानंतर पुढील लांबीचे खडीकरण व डांबरीकरण.' दोन ओळींचा ठराव, पण साखळीसकट. माझ्या दृष्टीनं त्या कागदाचं वजन वीस निवेदनांहून जास्त होतं. उपअभियंत्यापुढे मी तो ठेवला तेव्हा मला माझं मत पटवायचं नव्हतं. गावानं काय मागितलं ते दाखवायचं होतं.

आता अंदाजपत्रक तयार कसं होतं ते सांगतो, कारण गावानं सर्वांत जास्त लक्ष द्यावं ते इथे. शाखा अभियंता किंवा कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन मोजमापं घेतो. मग जिल्ह्याच्या दरसूचीतले दर लावून मोजमाप पत्रक, गोषवारा, नकाशा आणि लीडचा तक्ता तयार होतो. लीड म्हणजे खडीची खाण, मुरमाची खाण कामापासून किती अंतरावर आहे तो हिशेब. वाहतूक महाग, त्यामुळे लीडमध्ये पाच किलोमीटर वाढले की रक्कम फुगते. खाण डोंगरापलीकडे चार किलोमीटरवर असताना तक्त्यात चाळीस आहे का, हे गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला साहेबापेक्षा आधी कळतं. या अंदाजपत्रकाला रकमेप्रमाणे उपअभियंता, कार्यकारी अभियंता किंवा त्यावरचे अधिकारी तांत्रिक मान्यता देतात. म्हणजे काय, तर हे काम अशा पद्धतीनं, एवढ्या खर्चात नीट होईल अशी जबाबदारी ते घेतात. प्रशासकीय मान्यता निराळी. हे काम करावं आणि त्यावर एवढा पैसा खर्चावा, हा निर्णय तिच्यात असतो. कुठल्या योजनेत आधी ही, कुठे आधी ती. दोन्ही झाल्याशिवाय निविदा काढता येत नाही.

कागदावर हे ठीक दिसतं. प्रत्यक्षात एका शाखा अभियंत्याकडे पंचवीस-तीस गावं असतात आणि यादी येते ती घाईच्या दिवसांत. आठ दिवसांत चाळीस अंदाजपत्रकं द्या, नाहीतर आचारसंहिता लागेल. अशा वेळी शेजारच्या गावचं जुनं अंदाजपत्रक काढून त्यावर नवं नाव घालण्याचा मोह कार्यालयात असतो, आणि संगणकानं तो फार सोपा करून ठेवला आहे. शेजारचं गाव मुरमाड जमिनीवर आणि आपलं काळ्या जमिनीवर असलं तरी थर तेच राहतात.

काळ्या मातीविषयी थोडं थांबून बोलायला हवं. ही माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं आकसते. जमिनीची ताकद मोजायची एक चाचणी असते, तिला सीबीआर म्हणतात. काळ्या मातीत तिचा आकडा बहुधा दोन-चार टक्क्यांच्या घरात येतो. अशा जमिनीवर खाली चांगला मुरुमाचा थर न देता वर खडी आणि डांबर पसरलं, तर पहिल्याच पावसाळ्यात रस्ता तव्यावरच्या पापडासारखा वाकडातिकडा होतो. लोक म्हणतात डांबर कमी टाकलं. पुष्कळदा डांबर बरोबर असतं, खालचा थर अंदाजपत्रकातच नसतो. जो थर अंदाजपत्रकात नाही तो ठेकेदारानं टाकला नाही म्हणून त्याला दोषही देता येत नाही.

आणि पाणी. रस्त्याचा खरा शत्रू ट्रक नाही, पाणी आहे. रस्त्याला मधून दोन्ही बाजूंना उतार, साइडपट्टी, बाजूची गटारं, आणि जिथे जिथे पाणी आडवं येतं तिथे मोरी. हे चार असलं तर साधा खडीचा रस्ताही वर्षानुवर्षं टिकतो. मात्र इथे गावालाही चार शब्द ऐकून घ्यावे लागतील. बाजूचं गटार बुजवून शेतात गाडी न्यायला वाट करायची, दरवर्षी बांध वीतभर रस्त्याकडे सरकवायचा, आणि रस्त्यावरून पाणी वाहिलं की बांधकाम खात्याच्या नावानं बोटं मोडायची, हे मी प्रत्येक तालुक्यात पाहिलं. आपल्याच भाऊबंदाला 'गटार मोकळं कर' म्हणायला ग्रामपंचायत कचरते.

तेव्हा अभियंता मोजायला येईल त्या दिवशी गावातल्या चार जाणत्या माणसांनी त्याच्याबरोबर पायी चालावं. चहा मग पाजा. पाणी कुठून येतं, मोठ्या पुरात ओढा कुठपर्यंत चढला होता, ती खूण दगडावर किंवा झाडावर दाखवा. आमच्या वाडीत एका गुराख्यानं आंब्याच्या बुंध्यावरची खूण दाखवली. मी जी पातळी धरणार होतो तिच्यापेक्षा ती हातभर वर होती. मोरीची उंची त्या खुणेवरून ठरली.

जागेचा प्रश्न याच वेळी मोकळा करावा. गावनकाशावर रस्ता दाखवलेला असेल तर उत्तम. रस्ता खासगी जमिनीतून जात असेल, तर 'आमची हरकत नाही' असं पारावर म्हणणं पुरत नाही. वडिलांनी तोंडी दिलेली वाट मुलगा बंद करतो आणि काम निम्म्यावर थांबतं. लेखी संमती घ्यावी, सगळ्या हिस्सेदारांची घ्यावी, आणि शक्य तर मोजणी करून नोंदही करावी. छोट्या कामांत भूसंपादनाला पैसा नसतो, हे स्पष्ट सांगून संमती मागावी. फसवून घेतलेली सही पुढे कोर्टात नेते.

वनजमिनीचं नाव निघालं की मात्र गावं उगीचच हातपाय गाळतात. '१९८० चा कायदा आहे, दिल्लीपर्यंत जावं लागेल,' असं सांगून फाईल बाजूला ठेवलेली मी पाहिली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(२) आहे. शाळा, दवाखाना, रस्ता अशा गावाच्या सोयींसाठी एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागत असेल, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नसतील आणि ग्रामसभेची शिफारस असेल, तर ती जमीन देता येते. आमच्या वाडीच्या रस्त्यात वनाचा टापू चारशे मीटर लांबीचा होता. सहा मीटर रुंदी धरली तर होतात २४०० चौरस मीटर. पाव हेक्टरसुद्धा नाही. ग्रामसभेनं मोरीच्या ठरावाबरोबर त्याच दिवशी ही शिफारस केली, म्हणून पुढचे आठ-दहा महिने वाचले. एका बैठकीत दोन ठराव, एवढीच ती युक्ती.

काम दुसऱ्या कुठल्या योजनेतून धरलेलं नाही असा दाखलाही प्रस्तावाबरोबर लागतो. तो मनापासून द्यावा. एकाच रस्त्याची एकच साखळी दोन खात्यांच्या यादीत आली की लेखापरीक्षणात दोन्ही कामं अडकतात, आणि त्या दोन खात्यांतलं खरं काम कोणतं, हे ठरेपर्यंत खड्डे तसेच राहतात.

आता अंदाजपत्रक मान्य झालं, निविदा झाली, असं समजू. ठेकेदार कधी कधी अंदाजपत्रकापेक्षा वीस-पंचवीस टक्के कमी दरानं काम घेतो. त्याचं कसं भागतं हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि उत्तर सगळ्यांना माहीत असतं. इथे गावाला एक सोपं गणित उपयोगी पडेल. ग्रामीण रस्त्याची पृष्ठभागाची रुंदी साधारण पावणेचार मीटर असते. एक किलोमीटर लांबीत दबून ७५ मिलिमीटर जाडीचा खडीचा एक थर करायचा, तर सुमारे सव्वाशे ते एकशे चाळीस ब्रास खडी लागते. तीन ब्रासचा डंपर धरला तर चाळीसहून अधिक खेपा, एका थराला. शाळेतल्या पोरांना फाट्यावर बसवून खेपा मोजायला सांगितल्या तरी चालतं. एका गावात मी हे प्रत्यक्ष पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ठेकेदाराचा मुकादम पोरांना बिस्किटं वाटायला लागला, आणि खेपाही वाढल्या.

अंदाजपत्रकाची प्रत मागायला संकोच नको. २००५ च्या माहितीच्या अधिकारात कागद मिळतातच. शिवाय चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही त्या कायद्याच्या कलम २ मध्ये आहे. हे फार थोड्यांना ठाऊक आहे. मात्र प्रत काम संपल्यावर मागून भांडणापलीकडे हाती काही लागत नाही. ती तांत्रिक मान्यतेच्या आधी पाहायला मिळाली तर मोरी वाढवता येते, मुरुमाचा थर घालता येतो. चांगला अभियंता ती हातानंच दाखवतो. त्यालाही गाव पाठीशी हवं असतं, कारण वरून 'खर्च कमी करा, लांबी वाढवा' असा दाब आला की सगळ्यांत आधी मोऱ्याच कापल्या जातात.

त्या वाडीचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. ठराव झाला त्या वर्षीच्या यादीत मोरी आली नाही. तो अर्धा किलोमीटर डांबराचा पैसा शेजारच्या गावाला गेला, आणि ज्यांनी 'येतंय ते घेऊ' म्हटलं होतं त्यांनी मास्तरांशी वर्षभर बोलणं टाकलं होतं. दुसऱ्या वर्षी काम यादीत आलं, जानेवारीत कार्यारंभ आदेश निघाला, पाया खडकापर्यंत गेला आणि मे अखेर स्लॅब पडला. अलीकडच्या आणि पलीकडच्या लांबीत वाडीनं श्रमदानानं मुरुम टाकला. त्या पावसाळ्यात रुग्णवाहिका दोनदा वाडीत आली. एकदा साप चावलेल्या माणसासाठी, एकदा बाळंतिणीसाठी. दुसऱ्या खेपेला तिचं चाक मुरुमात रुतलं होतं आणि माणसांनी ती ढकलून काढली.

१/५०० च्या पुढचं डांबर अजून झालेलं नाही. प्रशासकीय मान्यता आहे. काम दायित्वात आहे.